थांब म्हटल्यावर लगेच थांबू नये

कॅशे (पटकन मिळावी म्हणून जवळ ठेवलेली डेटाची प्रत) दर पाच मिनिटांनी ताजी करणारा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) आपण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आणि तो चालू लागला, की आपले कर्तव्य संपले असे खुशाल समजावे. तो थांबणार कसा, असे विचारणारा एक सहकारी प्रत्येक कोड रिव्ह्यूत असतोच. त्याला ‘सर्व्हर बंद झाला की तोही बंद होईल’ एवढे सांगून मीटिंग पुढे न्यावी.

फारच आग्रह झाला, तर ‘रनिंग’ नावाचा एक बूलियन फ्लॅग, म्हणजे खरे किंवा खोटे (‘फॉल्स’) एवढेच सांगणारी खूण, ठेवावा. मात्र त्याला ‘व्होलाटाइल’ (दर वेळी ताजीच किंमत वाचायला लावणारा शब्द) लावण्याचा मोह टाळावा. ते न लावल्यास तो फ्लॅग एकदाच वाचून तीच किंमत पुन्हा पुन्हा वापरण्याची मुभा भाषेचे नियमच कंपायलरला, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, देतात, आणि मग मुख्य थ्रेडने तो कितीही वेळा ‘फॉल्स’ केला तरी आपल्या थ्रेडच्या कानावर ती वार्ता कधीच न जाण्याची उत्तम सोय होते. तुमच्या लॅपटॉपवर हा प्रकार बहुधा दिसणार नाही. तो प्रॉडक्शनसाठी, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरसाठी, राखून ठेवलेला असतो.

लूपमध्ये विश्रांतीसाठी ‘स्लीप’च वापरावे, तेही पूर्ण 300 सेकंदांचे. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवणारी आणि थांबवणारी कुबरनेटीस ही व्यवस्था सिगटर्म (‘आवरून घे’ ही सूचना) पाठवल्यावर मूळ सेटिंगनुसार 30 सेकंद वाट पाहते आणि मग सिगकिल (जागीच ठार करणारी सूचना) पाठवते, हा तिचा उतावळेपणा झाला. आपल्या थ्रेडने त्यासाठी झोपमोड का करून घ्यावी? कोणी ‘इंटरप्ट’ करून हलवलेच, तर येणारे इंटरप्टेड एक्सेप्शन (झोप मोडल्याची हाक) रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे अशा हाका झेलण्यासाठीच्या कोडमध्ये, पकडावे. ते येताना इंटरप्टची खूणही पुसून येते, त्यामुळे कूस बदलून पुन्हा झोपणाऱ्या थ्रेडला, आपल्याला कोणी उठवले होते, याचा पुरावादेखील उरत नाही.

पूर्वी ‘थ्रेड डॉट स्टॉप’ नावाची रामबाण मात्रा होती. तिने थ्रेड जिथे असेल तिथे मरे, हातातली सगळी कुलुपे (डेटा एका वेळी एकानेच बदलावा म्हणून लावलेली) सुटत आणि अर्धवट बदललेला डेटा इतरांपुढे उघडा पडे. एवढ्याशा कारणावरून 1998 साली जावा 1.2 मध्ये ती वापरू नये असे ठरले आणि 2023 च्या जावा 20 पासून तर ती बोलावणाऱ्याच्याच तोंडावर एक्सेप्शन फेकू लागली. असो.

आधुनिक वाचकाने ठरावीक वेळाने काम चालवून घेणारा जावाचा तयार शेड्यूल्ड एक्झिक्युटर घ्यावा, पण कामाभोवती ट्राय-कॅच घालू नये आणि परत मिळालेल्या फ्यूचरकडे, म्हणजे कामाचे काय झाले ते सांगणाऱ्या पावतीकडे, ढुंकूनही पाहू नये. मग एका रात्री एक क्षुल्लक नल पॉइंटर (नसलेल्या वस्तूला हात घातल्याचे एक्सेप्शन) येतो, त्या कामाच्या पुढच्या साऱ्या फेऱ्या रद्द होतात आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक अक्षरही उमटत नाही. सांगून न थांबणाऱ्या कामाने न सांगता थांबावे, यात एक प्रकारचा स्वाभिमान आहे, आणि आठ दिवस शिळी कॅशे वाचणाऱ्या ग्राहकांनी तो समजून घ्यायला हवा.

राहता राहिला शटडाउन हुक, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना चालणारा कोड. त्यात आधी डेटाबेसचा कनेक्शन पूल (तयार जोडण्यांचा साठा) बंद करावा आणि मग एक्झिक्युटरला ‘शटडाउन’ सांगावे. ‘अवेट टर्मिनेशन’ म्हणून चालू फेरी संपण्याची वाट पाहणे टाळावे, कारण कनेक्शन गेल्यावर ती फेरी काय करते हे पाहण्याची हौस ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाल्यावर रात्री-अपरात्री उठवल्या जाणाऱ्या, माणसालाही असतेच. ‘सर्व्हर सुरळीत बंद झाला’ हा लॉग मात्र हुकच्या पहिल्याच ओळीत लिहावा, कारण शेवटच्या ओळीपर्यंत आपण पोहोचू, याची खात्री नसते.