माकोंडोचा काळ सरळ करायला निघालेल्यांना

आमच्या वाचनाच्या ग्रुपवर आज एकाने पीडीएफ टाकली. गार्सिया मार्केझची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड', म्हणजे माकोंडो नावाच्या काल्पनिक गावातल्या बुएंदिया घराण्याची कादंबरी, सोपी करून. सगळ्या घटना काळाच्या क्रमाने लावलेल्या. कोण कधी जन्मला, कोण कधी मेला. खाली अंगठ्यांची रांग. दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

अरे, गार्सिया मार्केझला क्रमाने सांगता येत नव्हतं का? पत्रकार होता तो! तरी १९६७ साली आलेल्या या कादंबरीचं पहिलंच वाक्य बघा. कर्नल औरेलियानो बुएंदिया गोळ्या घालणाऱ्या शिपायांसमोर उभा आहे आणि त्याला लहानपणची दुपार आठवतेय, बापाने बर्फ दाखवायला नेलं ती. पुढचं आणि मागचं एकाच दमात. पीडीएफमध्ये बर्फ आधी आणि बंदुका बऱ्याच नंतर. संपलं. जीवच काढून घेतला.

माझी आत्या पाटणकडे दिलेली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नवी नवरी होती. तिची गोष्ट अशी सुरू होते, "ज्या जाऊबाईंना आम्ही ढिगाऱ्यातनं काढलं, त्यांनी रात्री दूध विरजायला ठेवलं होतं." मग ती दह्याबद्दल बोलते. मडकं शाबूत निघालं, दही घट्ट लागलेलं, कुणी तोंडाला लावलं नाही. मधेच जाऊबाईंचं लग्नातलं लुगडं येतं, नातीचं बारसं येतं. माझ्या भावाने एकदा तिच्यासमोर मोबाइल धरला. "आत्या, पहिल्यापासून क्रमानं सांग." आत्या म्हणाली, "भूकंप झाला. घर पडलं. जाऊबाई गेल्या." आणि गप्प बसली.

बघा, क्रमाने हवं होतं ना? मिळालं. तीन वाक्यं.

नावांचा गोंधळ होतो, मान्य. पिढ्यान्‌पिढ्या तेच औरेलियानो आणि तेच होसे आर्कादियो. वंशावळ हाताशी ठेवा, माझी ना नाही. पण उर्सुलाला, त्या घराण्याच्या मूळ आजीला, म्हातारपणी वाटतं की काळ पुढे जातच नाही, गोल फिरतो, ते त्या नावांमुळेच ना?

आणि आता ज्याचा खरा राग आहे ते. डिसेंबर १९२८, कोलंबियातलं सिएनागा. युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागांतल्या मजुरांचा संप. स्टेशनजवळ जमलेल्या गर्दीवर लष्कराने गोळ्या झाडल्या. सेनापतीने मेलेल्यांचा आकडा सांगितला ४७, आणि तो तिथे कुणालाच पटला नाही. कादंबरीत तीन हजार माणसं मरतात, प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेतात. त्या प्रेतांमध्ये जागा झालेला होसे आर्कादियो सेगुंदो, बुएंदियांपैकीच संपाचा एक पुढारी, गाडीतून उडी मारून गावात परततो, तर गाव म्हणतं, इथे कुणी मेलंच नाही. सरकारचं निवेदन तर अगदी सरळ आणि नीटनेटकं: मजूर समाधानाने घरी गेले. नंतर पाऊस लागतो, जवळजवळ पाच वर्षं.

तर त्या गोळीबाराच्या प्रसंगात मार्केझ काय करतो? सेगुंदोने गर्दीत एका पोराला उचलून धरलंय. तिथेच, गोळ्या सुटायच्या आधी, मार्केझ सांगून टाकतो की हे पोर पुढे कित्येक वर्षांनी, कुणाचा विश्वास बसत नसतानाही, हे सांगत राहणार आहे. गोळ्या सुटल्यावर पुन्हा तेच सांगतो, लोक त्याला वेडा म्हातारा समजत असतानाही. म्हणजे माणसं मरायच्या आधी साक्षीदार उभा केला त्याने! आत्या दुधाच्या आधी ढिगारा सांगते ना, तसंच. तुमच्या पीडीएफमध्ये तो म्हातारा कुठे आहे? मी शोधला. नाहीये. त्याला तारीख नाही, म्हणून गाळला.

चिडून लिहितेय खरी, पण पीडीएफ करणाऱ्यानेही प्रेमानेच केली असणार. फक्त त्याने एकदा मेल्कियादेस या भटक्या जिप्सीची पोथी उलगडते ते शेवटचं प्रकरण पुन्हा उघडावं. संस्कृतात लिहिलेली पोथी, शंभर वर्षांचं रोजचं जगणं एकाच क्षणात नांदेल अशी रचलेली. लेखकाने स्वतःच सांगून ठेवलंय रे.

मघाशी आत्याला फोनवर त्या पोराचं सांगितलं. तिने विचारलं, "मग ऐकलं का त्याचं कुणी?" म्हटलं, नाही, खुळा म्हणाले. त्यावर ती जी भडकली! पाच मिनिटं त्या माकोंडोवाल्यांना अस्सल पाटणी शिव्या देत होती.