तपासणी वर्गातही व्हावी
दिव्यांग मुलांना कोणती साधनं लागतात हे तपासणाऱ्या तालुक्याच्या मोजमाप शिबिराचं तुमच्या लेखात कौतुक केलंय, ते योग्यच. पण विशेष शिक्षिका म्हणून सांगते, पाच मिनिटांत मुलाची गरज कळत नाही. आमच्या चौथीतल्या एका अल्पदृष्टी मुलाला अशाच शिबिरात ब्रेल पाटी मिळाली. तो तर छापील वाचतो, फक्त नाक वहीला टेकवून! वर्गात त्याच्या शेजारी बसले तेव्हा समजलं, त्याला हवं होतं उतरतं डेस्क, ठळक रेघांची वही आणि काळं स्केचपेन. मान वर आली, पोरगा पानभर लिहू लागला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लक्षणीय (किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत ‘योग्य’ साधनं मोफत द्यायची तरतूद आहे. मग पुढच्या शिबिराला आईला, वर्गशिक्षकांना बोलवा आणि मुलाची रोजची वही आधी उघडून बघा.