हवामानबदल शिकवायला उपकरणं नाहीत? एक नरसाळं पुरतं

‘मराठवाड्यातल्या शाळांत हवामानबदल शिकवणं म्हणजे वेळेचा अपव्यय. दुष्काळ १९७२ सालीही पडला होता, मोजायला उपकरणं नाहीत, पोरं मात्र उगाच घाबरतात. त्यापेक्षा झाडं लावा.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा युक्तिवाद मुद्द्यांनी तपासू.

‘दुष्काळ पूर्वीही पडायचे.’ पडायचेच. एका वर्षाने हवामानबदल सिद्ध होत नाही, खोटाही ठरत नाही. त्यासाठी साधारण ३० वर्षांची सरासरी बघतात. ‘यंदा पाऊस कमी, म्हणजे हवामानबदल’ असं फळ्यावर लिहिणाऱ्यांची चूकही हीच. मुलांना विचारावं, पाऊस किती दिवसांत पडला? हवामान खातं २.५ मिमीच्या खालचा दिवस पावसाचा धरत नाही. सरासरी गाठली, पण सोयाबीन फुलोऱ्यात असताना तीन आठवडे खंड पडला, तर त्या सरासरीचं करायचं काय?

‘उपकरणं नाहीत.’ १० सेंमी व्यासाच्या तोंडाचं नरसाळं, खाली बाटली, मोजायला सुई काढलेली सिरिंज. तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौसेंमी, म्हणून ७.८५ मिलि पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. ४७ मिलि जमलं तर ४७ भागिले ७.८५, म्हणजे ६ मिमी. व्यास वेगळा असेल तर भाजकही बदलतो. बहुतेक आकडे इथेच चुकतात. बाटली अर्ध्या लिटरची नको. ती ६४ मिमीलाच भरते आणि महसूल मंडळात (काही गावांच्या सरकारी गटात) अतिवृष्टी धरतात ६५ला! एक लिटरची घ्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. नोंद रोज सकाळी साडेआठला. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. रविवार चुकला तर सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा, निम्मा-निम्मा वाटू नका. पिकाच्या नुकसानभरपाईसाठी शाळेचा आकडा चालत नाही, तिथे मंडळाचंच पर्जन्यमापक लागतं. पण त्या आकड्यात आणि गावातल्या पावसात किती फरक पडतो, हे मुलांना वहीत दिसतं.

‘पोरं घाबरतात.’ ध्रुवीय अस्वलाचं चित्र दाखवून तास संपवला तर घाबरतील, नाहीतर कंटाळतील. त्याऐवजी उष्माघात शिकवा. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर सावलीत न्यायचं, अंगावर पाणी मारून वारा घालायचा, १०८ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे पाचवीतल्या पोरालाही जमतं.

‘झाडं लावा.’ जरूर. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, त्याचं नाव जुलैतच ठरवा.