टेबल नंबर सात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. झाडाला झोका बांधायचा, गौराई बसवायची, सांजोऱ्या तळायच्या आणि बापानं मधे मधे करायचं नाही, एवढाच त्या सणाचा कायदा. यंदा आमची लेक पुण्याहून आली ती जावईबापूंना घेऊन. जळगावात पारा 44 वर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, निंबाचं झाड खाली पार्किंगमध्ये, आणि त्याच्या एकुलत्या एक जाड फांदीखाली कुणाची तरी पांढरी कार. झोका बांधणार कुठे? लेकीनं हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला.

"पप्पा, झोका राहू द्या. संध्याकाळी बाहेर जेवू."

बाहेर जेवणं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर हायवेवरची बाज येते. शेवभाजी, भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि "रस्सा देऊ का अजून?" असं विचारत न विचारता रस्सा ओतून जाणारा माणूस. पण जावईबापूंच्या मोबाइलमध्ये यादी होती. ते ज्या शहरात जातात तिथल्या 'एकदा तरी जायलाच हवं' अशा खाण्याच्या ठिकाणांची. मुंबईचं वांद्रे, काळा घोडा, लोअर परळ. पुण्याचं कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी. मी सहज वर-खाली केलं तर शेवटी जळगाव! खाली एकच नाव, रिंग रोडचं. ऊर भरून आला हे खोटं बोलणार नाही. सोनं, केळी आणि भरीत सोडून आमच्या गावाचं नाव कुठल्या यादीत येतं?

अशा ठिकाणांचा मला अनुभव नव्हता असं नाही. मागे पुण्याला लेकीकडे गेलो होतो तेव्हा बालेवाडीच्या एका हॉटेलाबाहेर पाऊण तास उभा होतो. आत जागा झाली की थरथरणारी एक चकती हातात दिली होती. ती थरथरली तेव्हा माझे पाय आधीपासूनच थरथरत होते. लोअर परळलाही जावईबापूंनी एकदा नेलं. जुन्या गिरणीच्या आवारात पास्ता मिळतो. आमच्याकडचा कापूस एकेकाळी रेल्वेनं मुंबईच्या गिरण्यांकडे जायचा, 1982 च्या संपानंतर त्या गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले, आणि आता त्याच छपराखाली लोक काट्याला शेवया गुंडाळत बसतात. गुंडाळायचं काम तेवढं चालू राहिलं म्हणायचं.

तर निघालो. आमची ही आली नाही. "मला सांजोऱ्या करायच्यात," म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांच्या संसाराचं शहाणपण होतं. तिच्याऐवजी तात्या आले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, चोपडा तालुक्यात केळीची शेती. डोळे दाखवायला जळगावला आले होते आणि डॉक्टरनं उन्हात फिरू नका म्हटल्यामुळे चार दिवस आमच्याकडे अडकले होते. धोतर, टोपी, काळा चष्मा. त्या संध्याकाळी आमच्यात सगळ्यात फॅशनेबल तेच दिसत होते.

पाटीवर इंग्रजीत पाच अक्षरं होती, स्वर एकही नाही. उच्चार कसा करायचा ते लेकीलाही ठरवता येईना. आत एसी मात्र देवाघरचा. भिंतीवर शोभेला कंदील, जात्याची तळी, बैलगाडीचं चाक आणि एक वखराची पास टांगलेली. तात्यांनी चष्मा वर करून ती पास नीट न्याहाळली.

"उलटी टांगेल शे," ते म्हणाले.

दारातल्या मुलीनं 'टेबल सेव्हन' म्हणून आम्हाला बसवलं. मेन्यूकार्ड नव्हतं. टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला होता, तो फोननं टिपायचा. तात्यांचा फोन बटणांचा आणि माझा चष्मा घरी. जावईबापू वाचून दाखवू लागले आणि आम्ही दोघं पोथी ऐकायला बसल्यासारखे मान डोलवू लागलो. किमतीपुढे रुपयाची खूण नव्हती. नुसतं 395, नुसतं 445. तात्यांना वाटलं, गट नंबर आहेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. "सर, रेग्युलर, मिनरल की स्पार्कलिंग?" आमच्याकडे पाव्हणा चप्पल काढायच्या आत तांब्या पुढे येतो, त्याला प्रकार नसतात. तात्या म्हणाले, "माठनं." मुलगा एक क्षण हसला, लगेच सावरला आणि 90 रुपयांची बाटली घेऊन आला.

जावईबापूंनी हौसेनं 'लोकल फ्यूजन' पान निवडलं. सासऱ्याच्या मातीचा मान राखावा म्हणून, हे मी जाणून आहे. माणूस मनानं फार चांगला. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी खान्देशी माणसासमोर वांगं मागवलं.

ते आलं एका काचेच्या घुमटाखाली. घुमटात धूर कोंडलेला. मुलानं टेबलाजवळ येऊन, लेकीचा मोबाइल नीट रोखला गेल्याची खात्री करून, घुमट उचलला. धूर सगळा तात्यांच्या तोंडावर. कालच डोळ्यांत थेंब घातलेला माणूस! ते खोकत उठलेच. काहीतरी पेटलं असं त्यांना वाटलं. धूर विरल्यावर खाली एक काळी पाटी दिसली. शाळेत आम्ही जिच्यावर बाराखडी गिरवली आणि थुंकी लावून पुसली, तीच दगडी पाटी. तिच्या कोपऱ्यात दोन चमचे भरीत आणि भरतावर एक फूल.

"धूर वांगाले देतस, माणूसले नही," तात्या डोळे पुसत म्हणाले.

मग त्यांनी बोटानं चाखलं. मला निकाल आधीच माहीत होता. हे वांगं जांभळं, बाजारातलं. भरताचं आमचं वांगं हिरवं-पांढरं, पोसलेलं, बामणोद-आसोद्याकडचं. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण मानांकन नव्हतं तेव्हाही ते असंच गुर्मीत असायचं. आणि ते हिवाळ्यातलं. शेतात कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजायचं, सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायचं, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. केळीचं पान अंथरून साठ-सत्तर माणसं बसतात आणि कुणीही फोटो काढत नाही, कारण हात बरबटलेले असतात. मे महिन्यात भरीत मागणं म्हणजे दिवाळीत कैरी मागणं. तात्यांनी यातलं काहीच बोलून दाखवलं नाही. पाव्हण्याच्या हौसेवर पाणी ओतायचं नसतं. त्यांनी फक्त फूल उचलून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "हाई बी खानं का?"

दुसरा पदार्थ शेवभाजीचं फॉन्ड्यू. खाली मेणबत्ती, वर वाटीभर रस्सा, आणि तिखट जाड शेव वेगळी, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत. मी टर उडवायला तोंड उघडलं होतं, पण प्रामाणिकपणे सांगतो, शेव वेगळी दिली हे शंभर टक्के बरोबर. शेव रश्शात आधी टाकली की लगदा होतो. ती ताटात, जेवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडली पाहिजे. आमच्या कितीतरी नावाजलेल्या धाब्यांना हे कळत नाही आणि या पोरांना कळलं होतं. रस्साही काळ्या मसाल्याचा, झणझणीत. तात्यांनी मान डोलावली. फक्त तो संपला. चार माणसांना वाटीभर रस्सा म्हणजे तापीच्या पात्रात चूळ भरल्यासारखं.

मग तो आंबवलेला चहा, ज्याला कोंबुचा म्हणतात. तात्यांनी एक घोट घेतला आणि पेला हळूच माझ्याकडे सरकवला, जसं लग्नात नको असलेलं पोराच्या ताटात सरकवतात. मग एक पिझ्झा, पापडाइतका पातळ. शेवटी केळ्याचा ब्रेड, 260. तात्यांनी मुलाला विचारलं, यात केळी किती? मुलगा आत जाऊन विचारून आला. "दीड." तात्या बोटांवर हिशेब करू लागले. त्यांच्या एका घडाला शंभराच्या वर केळी लागतात. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग व्यापाऱ्यानं परवा बांधावर दिलेला भाव आठवला असावा. ब्रेडचा तुकडा त्यांनी फार वेळ चावला.

आणि आता मूळ दुखणं सांगतो. ते ना किमतीचं, ना पाटीचं.

आमच्याकडे जेवणाचं माप पोट नसतं, वाढणारा असतो. वरण-बट्टीची पंगत डोळ्यांपुढे आणा. बट्टी चुरायची, वर वरण, शेजारी घोटलेल्या वांग्यांची भाजी, आणि तुपाचं भांडं घेऊन रांगेतून येणारा वाढपी. तुम्ही 'नको' म्हणता, त्याचा अर्थ 'अर्धी'. 'खरंच नको' म्हणजे एक. दोन्ही हात ताटावर आडवे धरले तर तूप बोटांच्या फटींतून खाली जातं. गळ्याची शपथ घातली तर "मंग ही शेवटली" म्हणून दोन पडतात. जेवणाऱ्यानं नाही म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं ऐकायचं नाही, या दोन खांबांवर आमची संस्कृती उभी आहे. भूक लागली असं तोंडानं सांगायची वेळच आमच्यावर कधी आली नाही. त्यामुळे ते वाक्य आम्हाला येतही नाही.

तर मुलगा आला आणि अदबीनं म्हणाला, "एनिथिंग एल्स, सर? अजून काही?"

तात्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, "नही नही, भलतं व्हई गयं."

"ओके सर," म्हणाला. आणि गेला!

तात्या त्याच्या पाठीकडे बघत राहिले. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या 'नाही'वर पहिल्यांदाच कुणीतरी विश्वास ठेवला होता. मी जावईबापूंना म्हटलं, "तुम्ही घ्या ना अजून काही." ते म्हणाले, "नाही पप्पा, झालं." आता जावयाला मी एकदाच कसं विचारणार? पण दुसऱ्यांदा विचारायच्या आत लेकीनं डोळे वटारले. पुण्यात एकदा विचारतात. तिकडे तिच्या नवऱ्याच्या पोटातून आलेला आवाज मी स्पष्ट ऐकला. चौघंही उपाशी, चौघंही 'झालं' म्हणतोय, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एकही माणूस त्या अख्ख्या हॉटेलात नाही.

"हात धुई येस," म्हणत तात्या उठले.

बिल आलं. 1935 चं खाणं, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, मिळून 2235. सर्व्हिस चार्ज कशाचा, तर आग्रह न केल्याचा. जावईबापू ताठ झाले. हा चार्ज परस्पर बिलात घालता येत नाही, जुलै 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं बजावलंय, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलंय, असं त्यांनी तारखांसकट सांगितलं. कायदा माझ्या बाजूनं होता, पैसेही माझे वाचणार होते. पण जावयादेखत सासरा 193 रुपयांसाठी भांडतोय हे दृश्य मला झेपेना. "राहू द्या हो," मी म्हणालो, जणू माझा केळीचा मळा आहे. ते म्हणाले, "पप्पा, प्रश्न तत्त्वाचा आहे." मॅनेजरला बोलावणं गेलं. आणि तेव्हा लक्षात आलं, तात्यांना जाऊन वीस मिनिटं झाली.

डोळ्याचा पेशंट. माझ्या पोटात गोळा आला. बेसिनपाशी नाहीत. बाहेर रिंग रोडला नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूचं दार किलकिलं होतं, त्यातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मी डोकावलो.

मागच्या बोळात, बंद कुलरच्या शेजारी, उलट्या क्रेटवर तात्या बसले होते. टोपी गुडघ्यावर. समोर स्टीलचं ताट, त्यात दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, आणि ठेचा. भोवती स्वयंपाकघरातली तीन-चार पोरं आपापलं ताट घेऊन. आमचा तो अदबीचा मुलगाही त्यांत. चौकशीअंती तो तात्यांच्या गावापासून दोन कोसांवरचा निघाला होता, आणि त्याच्या आजोबांनी तात्यांकडून कधीतरी बैलजोडी घेतली होती. आता तो पातेलं घेऊन तात्यांच्या डोक्यावर उभा होता.

"बाबा, आनखी थोडी."

"नही रे, नही."

तो ऐकत नव्हता. त्यानं डाळ ओतली. तात्यांनी ताटावर हात धरले, तर बोटांवरून ओतली. मला बघून तात्यांनी दुसरा क्रेट पायानं सरकवला. मी एकदाच 'नको' म्हणालो. मग लेक शोधत आली, तिच्यामागून जावईबापू. त्यांनी सवयीनं मोबाइल बाहेर काढला. तेवढ्यात त्यांच्या उजव्या हातावर कुणीतरी भाकरी ठेवली आणि तो खिशात गेला.

दोन भाकऱ्या झाल्या असतील, नसतील. दारात मॅनेजर. टाय, हातात बिलाचं पाकीट, कपाळाला घाम.

"सर, टेबल सेव्हन तुमचंच ना? मी बाहेर सगळीकडे... ते सर्व्हिस चार्जचं काय करायचं?"

पोरं ताटं घेऊन उठायला लागली. तात्यांनी हातानंच त्यांना खाली बसवलं आणि मॅनेजरकडे काळ्या चष्म्यातून वर बघितलं.

"बठ ना भो. तू जेवना का?"