पुन्हा अल्बाट्रॉस: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

ग्रुमन अल्बाट्रॉस ही जुनी उडती बोट, म्हणजे पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारं विमान, नव्याने बांधायला हवं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खालच्या चौकटीत मावणार नाही इतकं बोलायचं आहे, म्हणून वेगळंच लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उडत्या बोटींना धावपट्ट्यांनी आणि हेलिकॉप्टरांनी कधीच निवृत्त केलंय. जुनं विमान ‘आधुनिक’ करून उडवलं की काय होतं ते २००५ मध्ये मायामीला दिसलं. कल्पनेत दम असता तर मोठ्या कंपन्या गप्प बसल्या नसत्या. आणि माझा लेख म्हणजे ‘आकडे घालून केलेलं स्मरणरंजन’. हे शेवटचं झोंबलं, पण वाक्य झकास आहे.

आधी अपघाताबद्दल बोलू, कारण तुमच्या आक्षेपांत सगळ्यात जड तोच आहे.

१९ डिसेंबर २००५ ला चॉक्स ओशन एअरवेजचं ग्रुमन मॅलार्ड, हीही ग्रुमनचीच एक उडती बोट, मायामीच्या पाण्यावरून बहामातल्या बिमिनी बेटाकडे निघालं. उड्डाणानंतर काही क्षणांतच त्याचा उजवा पंख तुटून पडला आणि विमानातले वीसच्या वीस जण गेले. विमान १९४७ सालचं होतं. तुम्ही इथेच थांबलात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण त्या विमानाची इंजिनं १९४७ ची नव्हती. मूळची पिस्टन इंजिनं काढून त्यावर टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणारी इंजिनं, बसवलेली होती. म्हणजे कागदोपत्री ते ‘नव्या रूपातलं’ विमानच होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पंखाच्या मुळाशी धातूच्या थकव्याच्या भेगा सापडल्या, आणि त्यांची दुरुस्ती नीट झालेली नव्हती. त्याहून अंगावर येणारा तपशील म्हणजे त्या पंखातून इंधन गळत होतं. ज्या पंखाचा सांगाडाच टाकीचं काम करतो, त्यातून झिरपणारं इंधन ही नुसती गळती नसते, आतला धातू तडकल्याची ती खूण असू शकते. ती गळती सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावून बंद केली जात होती. मंडळाने कंपनीच्या देखभालीवर ठपका ठेवलाच, पण त्या देखभालीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही सोडलं नाही.

यावरून तुम्ही ‘जुनं ते धोक्याचं’ असा निष्कर्ष काढलात. माझा निष्कर्ष जास्त कडक आहे. पुनरुज्जीवन म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एकीत जुन्या सांगाड्याला नवी इंजिनं, नवा कॉकपिट आणि नवा रंग मिळतो. दुसरीत जुना आराखडा घेऊन सगळा धातू नवा कापला जातो. मॅलार्ड पहिल्या जातीचं होतं. माझा लेख दुसऱ्या जातीबद्दल होता. डिसेंबर २०२१ मध्ये अॅम्फिबियन एअरोस्पेस इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने डार्विन शहरात जी-१११टी, म्हणजे अल्बाट्रॉसचीच टर्बोप्रॉप आवृत्ती, बांधण्याची घोषणा केली, त्यात मला रस वाटला तो एवढ्याचसाठी. (घोषणेला मी विमान समजत नाही, हे वेगळं सांगायला नकोच. या क्षेत्रात चित्रं फार लवकर उडतात.)

आता तुम्ही म्हणाल, सगळा धातू नवाच कापायचा तर आराखडा तरी जुना कशाला? कोरा कागद घ्या. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाण्यात आहे.

उडत्या बोटीचं उड्डाण जवळून पाहिलं की कळतं, की हवेतला भाग त्यातला सोपा भाग आहे. थ्रॉटल पुढे ढकलला की आधी नाक वर येतं आणि समोरचं काही दिसेनासं होतं. तळ पाणी फाडत असतो, फवारा प्रोपेलरच्या पंख्यांपर्यंत उडतो, इंजिनं ओरडत असतात आणि वेग मात्र वाढता वाढत नाही. मग विमान स्वतःच्याच लाटेच्या उंचवट्यावर चढतं, नाक खाली येतं आणि तळाच्या मधोमध असलेल्या स्टेपवर ते घसरू लागतं. ती स्टेप म्हणजे तळाला मुद्दाम दिलेली एक पायरी. तिच्यामागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. ही पायरी चुकीच्या जागी पडली तर विमान पाण्याला चिकटून राहतं, किंवा नाक वरखाली आपटत उड्या मारायला लागतं, आणि अशा उड्यांमध्ये विमानं फुटली आहेत. तळाच्या इंग्रजी व्ही आकाराचा कोन, कडेला फवारा खाली दाबणाऱ्या धारा, पंखाखालच्या फ्लोटची उंची, हे सगळं पाण्याच्या टाकीतल्या प्रयोगांतून आणि भर समुद्रात आपटून आपटून ठरलेलं आहे. १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या अल्बाट्रॉसचा खोल व्ही तळ साधारण चार फुटी लाटांसाठी केलेला होता. आठ-दहा फुटी लाटांतून उठायचं तर अंगाला रॉकेटं बांधावी लागत. चारशेहून अधिक विमानं बनली, ती अमेरिकेच्या हवाई दलाने, नौदलाने आणि तटरक्षक दलाने वापरली, ग्रीसने तर १९९० च्या दशकापर्यंत. हा तळ इतक्या वेळा खऱ्या समुद्रात टेकला आहे, की कोऱ्या कागदावरच्या तळाला ती परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागेल.

दुसरं कारण रुक्ष आहे पण पैशाचं आहे: टाइप सर्टिफिकेट. विमानाच्या रचनेला एकदा मिळालेली ही मान्यता विकत घेता येते. त्यावर बदल मंजूर करून घेणं कटकटीचं असलं, तरी शून्यातून नवं विमान प्रमाणित करण्यापेक्षा स्वस्त पडतं. अल्बाट्रॉसच्या बाबतीत तर १९८० च्या सुमारास ग्रुमनच्याच सहभागाने जी-१११ नावाची २८ आसनी प्रवासी आवृत्ती मान्य करून घेतलेली आहे.

इथूनच तुमच्या ‘मोठ्या कंपन्या का गप्प’ या मुद्द्याकडे येतो. त्या गप्प नाहीत हो. ट्विन ऑटर या छोट्या प्रवासी विमानाचं उत्पादन १९८८ मध्ये थांबलं. कॅनडाच्या व्हायकिंग एअरने त्याची सर्टिफिकेटं विकत घेतली आणि २०१० पासून नवी कोरी ट्विन ऑटरं पुन्हा ग्राहकांच्या हाती जाऊ लागली. आणि उडत्या बोटीचंच उदाहरण हवं असेल तर आग विझवणारी कॅनडेअर विमानं घ्या. सीएल-२१५ पहिल्यांदा उडालं १९६७ मध्ये. त्याला टर्बोप्रॉप लावून सीएल-४१५ झालं, तेही २०१५ मध्ये बंद पडलं. मग २०२२ मध्ये डी हॅविलंड कॅनडाने तेच डीएचसी-५१५ म्हणून पुन्हा हाती घेतलं, आणि मागणी कोणाची, तर दर उन्हाळ्यात जंगलं जळणाऱ्या युरोपीय देशांची. ४१५ तलावावरून घसरत जाताना सुमारे बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी भरून घेतं. हे काम धावपट्टीवर उतरून करता येत नाही. साठ वर्षं जुन्या तळाला आज गिऱ्हाईक आहे ते त्या बारा सेकंदांमुळे, जुन्या आठवणींमुळे नव्हे.

धावपट्ट्यांबद्दल तुमचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, आणि मूळ लेखातही मी त्याच्या विरुद्ध काही लिहिलेलं नाही. उलट तुम्हाला माझ्याकडून एक पुरावा देतो. सिडनीच्या रोझ बेमधून लॉर्ड हाव बेटावर १९७४ पर्यंत उडत्या बोटी जात. बेटावर उतरायला फक्त खाजण, तेही भरती-ओहोटी बघून. म्हणजे विमानाचं वेळापत्रक चंद्राच्या हातात. १९७४ मध्ये बेटावर धावपट्टी झाली आणि त्याच वर्षी ती सेवा संपली. ज्या बेटावर धावपट्टी बांधता येते तिथे साधं विमान जिंकणारच, कारण उडत्या बोटीला आपला नौकेचा तळ हवेतसुद्धा वाहून न्यावा लागतो आणि त्याची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. म्हणून ‘पर्यटकांसाठी आलिशान उडती बोट’ असल्या माहितीपत्रकांवर माझा तुमच्याइतकाच अविश्वास आहे. दोन-चार ठिकाणी चालेल, पण त्यावर कारखाना चालणार नाही.

हेलिकॉप्टरवर मात्र आपलं जमणार नाही. हेलिकॉप्टर खवळलेल्या समुद्रावर तरंगत दोर सोडतं, ते उडती बोट कधीच करू शकणार नाही, मान्य. पण किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरनंतर त्याचं इंधन परतीचा हिशेब मागायला लागतं. जून २०१३ मध्ये जपानच्या किनाऱ्यापासून सुमारे बाराशे किलोमीटरवर एक शिडाची बोट बुडाली आणि दोघे जण तराफ्यावर अडकले. त्यांना शिनमेवा यूएस-२ या उडत्या बोटीने उचललं. आता तुमच्या बाजूचा तपशीलही सांगतो: आधी गेलेल्या यूएस-२ ला लाटांमुळे उतरता आलं नाही, ते परत फिरलं. दुसऱ्याला जमलं. आणि हे विमान तर तीन मीटरच्या लाटांत उतरण्यासाठी ओळखलं जातं! या जातीच्या विमानाची ताकद आणि तिची मर्यादा त्या एका दिवसात शेजारीशेजारी दिसली. यूएस-२ इतकं महाग, की जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाबाहेर ते कोणी वापरत नाही. त्याच्या खालच्या पायरीवर, कमी लाटांत चालणारं पण परवडणारं विमान, ही जागा रिकामी आहे असं माझं म्हणणं. अल्बाट्रॉस पूर्ण इंधनावर चार हजार किलोमीटरपेक्षा जास्त जात असे. नंतरच्या आवृत्त्यांत तर पंखाखालच्या फ्लोटमध्येही इंधन भरत.

इंजिनांबद्दल तुम्ही एका ओळीत ‘टर्बोप्रॉप लावून काय मोठं होतं’ असं विचारलंत. बरंच होतं. जुन्या रेडियल इंजिनांना (सिलिंडर वर्तुळात मांडलेली पिस्टन इंजिनं) लागणारं विमानाचं पेट्रोल दूरच्या बेटांवर मिळणं मुश्कील, जेटचं इंधन मात्र जवळपास सगळीकडे. टर्बोप्रॉपचं वजन रेडियलच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून तर तोल राखायला ते नाकाकडे पुढे सरकवून बसवतात आणि अशा विमानांची इंजिनं लांबुडकी दिसतात. आणि पाण्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पंखा उलटा जोर देऊ शकतो. बोटीला ब्रेक नसतात. वारा धक्क्याकडे ढकलत असताना मागे सरकता येणं म्हणजे काय, ते ज्याने पंखाचं टोक खांबावर घासलंय त्याला विचारा. विजेवरच्या उडत्या बोटीबद्दल सध्या एवढंच, की बॅटरीचं वजन आणि बाराशे किलोमीटर या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत.

तुम्ही न काढलेला, पण मला खरोखर घाबरवणारा मुद्दा राहिला, तो म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्यातून आलेलं विमान दर वेळी गोड्या पाण्याने धुवावं लागतं, बाहेरून, चाकांच्या खोबणीतून, बिजागऱ्यांतून, इंजिनाच्या आतूनसुद्धा. दोन पत्रे जिथे एकमेकांवर रिव्हेटने बसतात त्या फटीत राहिलेलं मीठ वरच्या रंगाला धक्का न लावता आत काम करत राहतं. नवा धातू, चांगले लेप आणि फटींत आधीच भरलेलं सीलंट यांनी हे मंदावतं, थांबत नाही. अशा विमानाच्या धंद्याचा ताळेबंद कोणी दाखवला तर मी आधी धुण्याचा आणि तपासणीचा खर्च कुठे लिहिलाय ते शोधतो. बहुतेक ताळेबंदांत तो ‘इतर’ मध्ये असतो.

आणि एक खास उभयचरांचा धोका. चाकं असलेलं विमान पाण्यावर उतरताना चाकं खाली राहिली तर ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. जमिनीवर चाकं विसरली तर पत्रा घासतो, पाण्यात विसरली तर माणसं जातात. म्हणून मुरलेले वैमानिक उतरण्याआधी ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर’ असं मोठ्याने म्हणतात आणि खिडकीतून चाक डोळ्यांनी बघतात. नव्या कॉकपिटमध्ये याची बोलकी सूचना देणारी यंत्रणा बसवता येते, आणि माझ्या मते मोठ्या रंगीत पडद्यांपेक्षा आधुनिकीकरणाचा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘एवढं लिहिताय, तर स्वतः तिकीट काढाल का?’ नव्याने बांधलेला पंख, मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, तपासणीची वेळापत्रकं आणि ती पाळल्याच्या नोंदी दिसल्या तर काढेन, आणि खिडकीजवळची जागा मागेन. १९४७ चा पंख आणि नवी इंजिनं असतील तर धक्क्यावरून हात हलवेन. आणि पंखाखाली इंधनाचा ओघळ दिसला, तर आत बसलेल्यांनाही खाली उतरायला सांगेन.