हातपाय गार पडले होते, इतकंच!

नवी नोकरी लागली. रुजू व्हायला चार दिवस उरले होते आणि माझे हातपाय गार पडले होते. दहा वर्षांची नोकरी सोडलेली, नवी माणसं, नवं काम; कुणाचेही पडतील. म्हणून एचआरच्या बाईंना मेल करताना शेवटी जरा मोकळेपणाने लिहिलं, 'आय हॅव कोल्ड फीट, बट व्हेरी एक्सायटेड.' दहा मिनिटांत फोन. "मॅडम, तुम्ही येताय ना नक्की? नसाल तर आत्ताच सांगा."

कारण इंग्रजीत पाय गार पडले म्हणजे माणूस ऐन वेळी कच खाऊन माघार घेतोय! अहो, पळून जायचं असतं तर पाय गार ठेवून कसं चाललं असतं? अर्धा तास समजावत बसले की मी येतेय, फक्त घाबरलेय. त्या अर्ध्या तासात उरलेलं अंगही गार पडलं.

साधी धाकधूक सांगायची तर या भाषेत पावलोपावली खड्डे. 'ऑन पिन्स अँड नीडल्स' असाल तर जीव खालीवर होतोय. 'हॅव पिन्स अँड नीडल्स' म्हटलंत तर पायाला मुंग्या आल्यात. त्याच सुया, त्याच टाचण्या!

'ऑन टेंटरहूक्स', म्हणजे जीव टांगणीला लागलेला, याला तर मी कित्येक वर्षं 'टेंडर हूक्स' म्हणत होते. वाटायचं, काहीतरी नाजूक प्रकरण असावं. निघालं काय, तर टेंटर म्हणजे लोकरी कापड आटू नये म्हणून ताणून वाळवायची लाकडी चौकट आणि हूक्स म्हणजे तिचे आकडे. ती चौकट आज कुणी पाहिलीय? आकडे मात्र आमच्या मानेत. उत्कंठेने श्वास रोखून वाट बघणं, त्या 'बेटेड ब्रेथ'ची तीच गत. बेटेड म्हणजे रोखलेला. स्पेलिंगमध्ये चुकून एक 'आय' घुसला की श्वासाला गळाचं आमिष लागतं. बरं, शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक हे शब्द बोलतो तेव्हा विषय लाचारीने दबून बोलण्याचा असतो. उत्कंठेचा तिथे पत्ताच नाही!

आणि आता तर मराठीतही जो तो इंग्रजी 'बटरफ्लाइज'वरून 'पोटात फुलपाखरं उडतायत' म्हणत सुटलाय. का? पोटात गोळा येतो तो काय फुकट गेला? गोळ्यात नुसती भीती असते, हौस नसते, हे मान्य. मग कालवाकालव म्हणा, हुरहुर म्हणा, 'कधी एकदा जातेय असं झालंय' म्हणा. जीव टांगणीला लागतो, काळजाचा ठोका चुकतो, माणसं देव पाण्यात घालून बसतात. एवढं घरात असताना किडे कशाला गिळायचे?

फोन झाल्यावर खुलाशाचा मेल लिहायला बसले. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू...' पुढे मीट की मीटिंग? 'टू'नंतर मूळ क्रियापद, असं शाळेत घोकून घेतलेलं. इथे मात्र मीटिंग! आधी मीट लिहिलं, खोडलं, मीटिंग लिहिलं, तेही कामाच्या मीटिंगसारखं वाटायला लागलं. शेवटी सगळं पुसलं आणि लिहिलं, 'आय विल कम ऑन मंडे.'

त्यावर बाईंचं उत्तर आलं, 'कान्ट वेट!' आता या वाट बघणारेत की नाही?