गेंड्याच्या चार आण्यांनाही पदक हवं

नाण्यांच्या प्रदर्शनात ‘भव्य स्पर्धा’ असते असं पत्रकात छापलेलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या टेबलावर सोन्याची मोहोर मखमलीवर पहुडलेली असते, दुसऱ्यावर १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया, आणि तिसऱ्यावर आपले गेंड्याचं चित्र असलेले स्टीलचे चार आणे, म्हणजे २५ पैसे. परीक्षक पहिल्या दोन टेबलांपाशी भिंग घेऊन वाकतात आणि तिसऱ्यापाशी कंबर सरळ करून घेतात. माझं म्हणणं एवढंच, की पाकिटाची जाडीच मोजायची असेल तर सरळ बँकेची पासबुकं मांडा. जागा कमी लागेल आणि राखणीला माणूसही ठेवावा लागणार नाही.

हा घोळ जुना आहे. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकी गृहस्थांनी तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतवारी आखली, तीच मुळी भाव काढायला: पायाची किंमत गुणिले प्रत. भावाचं सूत्र कधीच मोडलं, आकडा मात्र उरला, आणि आता त्याच आकड्यावर गुण देतात. ६६ आणि ६७ यांतला फरक भिंगातूनही जेमतेम दिसतो, पावतीवर लगेच दिसतो. वर नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून प्रमाणपत्र घ्यायचं, तर त्याची फी चार आण्यांच्या नाण्याला शोभणारी नसते.

टपालाची तिकिटं जमवणारे आपल्यापेक्षा शहाणे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पारंपरिक गटाला १०० पैकी ३५ गुण ज्ञान आणि अभ्यासाला, दुर्मिळतेला फक्त २०, अवस्थेला १०. आपण ‘चिल्लर गट’ काढावा आणि त्याहून कडक व्हावं: माहिती-अभ्यास ४५, शोधायला लागलेले कष्ट २५, मांडणी १५, अवस्था १५. किंमत शून्य.

विषय आयोजकांनी सहा महिने आधी जाहीर करावा. उदाहरणार्थ, गेंड्याचे चार आणे, १९८८ पासून पुढे, साल आणि टांकसाळीनुसार. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. खरी गंमत इथेच आहे. ठिपका झिजला की नोएडाचं नाणं कोलकात्याचं होतं, आणि ताऱ्यात मळ भरला की हैदराबादचं नोएडाचं. १० पट भिंग आणि तिरका उजेड, एवढ्यावर निवाडा होतो. समोरून टॉर्च मारला तर सगळीच नाणी कोलकात्याची दिसतात. प्रत्येक टांकसाळीने दरवर्षी प्रत्येक नाणं पाडलेलं नाही, तेव्हा यादी आधीच छापावी. नाहीतर न पाडलेल्या नाण्याचा रिकामा खण ठेवल्याबद्दल गुण कापले जातील, आणि तो खण भरून आणणाऱ्याला पहिलं बक्षीस मिळेल.

आता खर्चाची मर्यादा. ४० नाण्यांच्या एका ट्रेला २,००० रुपये म्हणू. पण पावत्या मागू नयेत. पावती मेव्हण्याच्या दुकानातून कितीचीही मिळते, आणि ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ हे वाक्य तर फुकटच आहे. आजोबांची पेटी आजच्या बाजारभावानेच मोजायची. खरा उपाय दुसरा: ट्रेची किंमत स्पर्धकाने स्वतः जाहीर करावी, आणि त्याच गटातल्या दुसऱ्या कुणीही ती रोख मोजली तर निकालानंतर अख्खा ट्रे त्याला देऊन टाकावा लागेल, असा नियम ठेवावा. २०,००० चा माल १,९९९ चा म्हणून मांडणाऱ्याच्या कपाळावर लगेच घाम दिसेल. ‘त्याच गटातल्या’ हे शब्द मात्र खोडू नयेत. ते गेले की मोहोरवाले येऊन सगळे ट्रे उचलून नेतील.

स्वच्छतेच्या नादात सर्वाधिक बळी जातात. चिंच, टूथपेस्ट, तांब्याची भांडी घासायची पावडर, यांनी नाणं उजळतं आणि बाद होतं, कारण मळाबरोबर वरचा थरही निघतो आणि भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात. घासलेलं नाणं सरळ अपात्र. पीव्हीसीच्या मऊ पानांचा अल्बमही नको. ते प्लॅस्टिक सडताना आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून जातो (खिडकी उघडी, गॅस बंद), खाल्लेला धातू परत येत नाही. पुठ्ठ्याची दोन इंची चौकोनी पाकिटं पुरतात, फक्त स्टेपलरच्या पिना पकडीने सपाट दाबाव्यात, नाहीतर एका नाण्याची पिन शेजाऱ्याच्या गेंड्याला शिंग काढते.

इतिहासाची हौस असणाऱ्यांना दुदांडी शिवराई, म्हणजे शिवकाळानंतर पाडलेलं मराठ्यांचं तांब्याचं नाणं, द्यावं. शिवकाळच्या अस्सल शिवराईपेक्षा ती बरीच स्वस्त. छाप मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री राजा शिव’ क्वचितच पुरतं उमटतं. अनेक अर्धवट नाण्यांवरून पूर्ण छाप कागदावर जुळवून दाखवणाऱ्याला मी डोळे झाकून ४५ पैकी ४० देईन. डोळे उघडून कडा मात्र तपासेन: कडेला जोडाची रेघ आणि अंगावर बुडबुड्यांची भोकं असली तर ती शिवराई ओतीव, म्हणजे नकली.

आणखी दोन नियम. स्पर्धकाला नाणी विकणारा व्यापारी त्याचा परीक्षक नसावा; हे लिहून ठेवावं लागतं, हे दुर्दैव. आणि वैष्णोदेवीची २०१२ सालची पाच-दहा रुपयांची नाणी ‘लाखांची’ म्हणून मांडणाऱ्यांसाठी वेगळी रांग असावी, रांगेच्या टोकाला रिझर्व्ह बँकेचा २०२१ सालचा इशारा चिकटवलेला: जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, तिच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका.

निकालावर हरकत नोंदवायची फी १० रुपये ठेवावी, तीही नाण्यातच. कोणताही नमुना चालेल. तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच सांगितलंय. फीच्या टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्याला हे आदल्या दिवशी पटवून द्यावं, नाहीतर नाण्यांच्या प्रदर्शनात तोच म्हणेल, “हे चालत नाही हो, नोट द्या.”